जत परिसरातील वंशावळ-शोध

जत परिसरातील वंशावळ-शोध म्हणजे सांगली जिल्ह्यातील जत तालुका व त्याला लागून असलेल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात कुळाच्या मागील पिढ्यांचा माग काढण्याची पद्धती आणि त्यासाठी उपलब्ध असलेली साधने होत. यात हेळवी समाजाच्या वंशावळीच्या वह्या, तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या, वीरगळ व समाधी यांसारखी स्मारके, मोडी कागदपत्रे आणि महसूल, शाळा व जन्म-मृत्यू यांच्या नोंदवह्या यांचा समावेश होतो. या साधनांपैकी हेळव्यांची वही हे या भागाचे वैशिष्ट्य आहे. एकेकाळी प्रामुख्याने सोयरीक, भाऊबंदकी व कुलाचार यांसाठी होणारा हा शोध आता जात प्रमाणपत्र आणि जातवैधता यांच्याशी जोडला गेल्यामुळे त्याला शैक्षणिक व कायदेशीर महत्त्व आले आहे.

== पार्श्वभूमी ==

युरोपात पूर्वजांचा शोध बहुधा दफनभूमीपासून सुरू होतो. थडग्यावरील दगडावर नाव, मृत्यूची तारीख, वय आणि पुष्कळदा पती, पत्नी वा आई-वडिलांचा उल्लेख असतो. त्याला चर्चच्या दफननोंदीची जोड मिळते. आयर्लंडमध्ये या दगडांचे मोल विशेष आहे. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सार्वजनिक अभिलेखागार जळाले. त्यात जुन्या जनगणनांचे बहुतेक कागद आणि तेथे जमा झालेल्या चर्चच्या असंख्य नोंदवह्या नष्ट झाल्या. त्यामुळे एखाद्या कुटुंबाची एकोणिसाव्या शतकापूर्वीची खूण गावच्या दफनभूमीतील दगडावरच उरली, असे तेथे अनेकदा घडते. मृतांच्या स्मारकांवरील लेख उतरवून प्रसिद्ध करणारी संस्था तेथे १८८८ मध्येच स्थापन झाली होती. आगीनंतर तिच्या छापील अंकांना मूळ साधनाचे स्थान मिळाले. मुंबई इलाख्यातील लष्करी छावण्यांत मरण पावलेल्या आयरिश सैनिकांच्या दफननोंदींच्या प्रती मात्र लंडनला पाठवल्या जात असल्याने त्या सुरक्षित राहिल्या व आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या युरोपियन पलटणीत आयरिश शिपायांचा भरणा मोठा होता. हीच पलटण १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युजिलियर्स या पलटणीचा भाग झाली. दक्षिण आशियातील युरोपीय दफनभूमींची नोंद ठेवण्यासाठी १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये स्वतंत्र संस्थाही स्थापन झाली.

जतकडील बहुसंख्य हिंदू समाजात दहनाची प्रथा असल्याने हा मार्ग येथे जवळजवळ बंद आहे. अस्थी नदीत विसर्जित होतात आणि नाव कोरलेला दगड मागे राहत नाही. दफन करणाऱ्या समाजांतही, लिंगायत असोत वा मुस्लिम, सामान्य माणसाच्या थडग्यावर लेख कोरण्याची चाल फारशी नव्हती. दगडाने करावयाचे काम या भागात माणसाने केले, आणि तो माणूस म्हणजे हेळवी.

== हेळवी ==

हेळवी (हेळवे, हेळव) हा दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील भटका समाज आहे. कुळांच्या वंशावळी राखणे व त्या वाचून दाखवणे हा त्याचा परंपरागत व्यवसाय होय. महाराष्ट्रात त्याची गणना भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात होते. सांगली, कोल्हापूर व सोलापूर तसेच बेळगाव, विजापूर (विजयपूर) व बागलकोट या जिल्ह्यांत त्यांचा वावर आहे. कन्नड व मराठी या दोन्ही भाषा ते सहज बोलतात.

=== नावाची व्युत्पत्ती ===

नावाचा उगम दोन प्रकारे सांगितला जातो. कन्नडमध्ये ‘हेळु’ म्हणजे सांगणे. त्यावरून सांगणारा तो हेळवी, ही व्युत्पत्ती मराठी भागात रूढ आहे. दुसरी व्युत्पत्ती ‘हेळव’ म्हणजे पांगळा या कन्नड शब्दावरून दिली जाते. एडगर थर्स्टन यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातील जाती-जमातींवरील ग्रंथात हाच अर्थ घेतला आहे. बळ्ळारी व म्हैसूर भागातील हेळव हे बैलावर बसून, पाय घोंगडीखाली झाकून गावात येतात, घरोघर जाऊन कुळांचा इतिहास आणि लढाईत पडलेल्या वीरांची नावे सांगतात, असे त्यांनी नोंदवले आहे. पाय झाकून घेण्याची ही रीत पाहता दुसऱ्या व्युत्पत्तीला आधार नाही असे म्हणता येत नाही. सांगणे हा अर्थ मात्र व्यवसायाशी अधिक जुळतो, आणि हेळवी स्वतः त्यालाच पसंती देतात. महाराष्ट्रातील भटक्या जमातींच्या याच यादीत ‘पांगुळ’ नावाचा वेगळा समाज आहे. दोहोंची गल्लत करू नये.

=== वही ===

हेळव्याकडील नोंदी आज प्रामुख्याने कागदी वह्यांत आढळतात. त्यापूर्वी नोंदी ताम्रपटांवर असत, अशी या समाजाची परंपरा सांगते. जुन्या वह्या मोडी व कन्नड लिपीत, तर अलीकडील नोंदी देवनागरीतही असतात. वहीची रचना आडनावावर नसून गाव आणि कूळ यांवर असते. एका कुळाच्या नोंदीत मूळ गाव, तेथून निघण्याचे कारण, वाटेत केलेला मुक्काम, सध्याच्या गावी आलेला पहिला पुरुष, गोत्र किंवा बेडगु, कुलदैवत व देवक आणि त्यानंतर पिढीगणिक पुरुषांची नावे असा क्रम येतो. ‘बेडगु’ ही कन्नड भाषक समाजांतील कुळाची संज्ञा असून लिंगायत, धनगर (कुरुब) व जैन कुटुंबांत ती वापरात आहे. सोयरीक ठरवताना दोन्ही घरांचा बेडगु वेगळा असावा लागतो. त्यामुळे पूर्वी वहीतील या नोंदीची गरज प्रत्येक घराला पडत असे.

मूळ गावाची नोंद हा वहीचा सर्वांत मोलाचा भाग मानला जातो. जत हा अवर्षणप्रवण प्रदेश आहे. १८७६-७८ च्या दुष्काळाने विजापूर व त्याच्या परिसरातील वस्ती विस्कटली आणि कुटुंबे पाण्याच्या शोधात इकडून तिकडे गेली. त्याहून जुनी स्थलांतरे लोकस्मृतीत ‘दुर्गादेवीच्या दुष्काळा’शी जोडलेली असतात. सरकारी दप्तरात माणूस ज्या गावी राहिला तेथेच सापडतो. तो कोठून आला हे त्या दप्तराला ठाऊक नसते. वही नेमके तेच सांगते.

=== वाचन ===

हेळवी ठरावीक वर्षांच्या अंतराने आपल्या वाट्याच्या गावी येतो. कोणती गावे व कुळे कोणत्या हेळवी घराण्याची हे वंशपरंपरेने ठरलेले असते. भावांच्या वाटण्या होतात तेव्हा शेतीप्रमाणे गावांचीही वाटणी होते. हंगाम संपून घरात धान्य आले की, म्हणजे या भागात शाळू निघाल्यानंतर, त्यांची फेरी सुरू होई. देवळाजवळ किंवा माळावर पाल ठोकून ते एकेका घरी जातात. घरातील मंडळी एकत्र बसल्यावर हेळवी लयबद्ध सुरात मूळ पुरुषापासून वाचन करतो. हयात पिढीपर्यंत आल्यावर मागील फेरीनंतर जन्मलेल्यांची व मृतांची नावे विचारून ती वहीत चढवली जातात. मोबदला म्हणून धान्य, कपडे, भांडी, रोख रक्कम आणि एखाद्या सधन घरातून गाय किंवा वासरू दिले जाते.

वाचनाला भाऊबंद हजर असतात, ही बाब नोंदीच्या विश्वासार्हतेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. चुकीचे नाव वाचले गेले तर ते तेथेच दुरुस्त होते. अर्थात सर्वांच्या सोयीचे असत्यही अशाच रीतीने कायम होऊ शकते; दत्तक घेतलेला मुलगा औरस म्हणून वाचला जाणे हे त्याचे साधे उदाहरण होय.

== तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या ==

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी व गया येथील तीर्थोपाध्याय यजमानांच्या वह्या ठेवतात. यात्रेकरू स्वतःचे, वडील-आजोबांचे, भावांचे व मुलांचे नाव लिहून खाली सही करतो. हेळव्याची नोंद ऐकून केलेली असते, तर ही नोंद पूर्वजाच्या स्वतःच्या हातची असते. तिच्यावर बहुधा तिथी किंवा तारीखही असते. येथेही शोध गावाच्या नावाने घ्यावा लागतो. जतमधून गेलेल्या कुटुंबाने जतचे नाव सांगून काही हाती लागत नसेल तर मूळ गावाच्या नावाने पुन्हा विचारणे उपयुक्त ठरते. हरिद्वार येथील अशा वह्यांचे सूक्ष्मचित्रण अमेरिकेतील युटा राज्यातील वंशावळ संस्थेने केले आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य वह्या मात्र उपाध्यायांच्या घरीच आहेत.

== स्मारके ==

जत व मंगळवेढ्याच्या पट्ट्यात कल्याणीचे चालुक्य, कलचुरी व यादव यांच्या काळातील अवशेष विखुरलेले आहेत आणि अनेक गावांत मारुतीच्या पारालगत वीरगळ उभे दिसतात. वीरगळावर खालच्या चौकटीत लढाई किंवा गाईंचे रक्षण करताना आलेले मरण, मधल्या चौकटीत अप्सरांसह स्वर्गारोहण आणि वरच्या चौकटीत शिवपूजा कोरलेली असते. सतीशिळेवर बांगड्या भरलेला, कोपरात वाकवलेला हात असतो. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर लेख नाही. कर्नाटकात लेखयुक्त वीरगळ पुष्कळ आहेत व त्यांत वीराचे, त्याच्या धन्याचे आणि गावाचे नाव येते. लेख असला तरी आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या वीरापासून आजच्या एखाद्या घरापर्यंत सलग वंश जोडणे शक्य नसते. ‘हा आमचा वीर’ असे सांगणारी घरे गावोगाव असतात. देवघरातील टाकांमध्येही पूर्वज वीराचा टाक पुजला जातो. हा श्रद्धेचा पुरावा आहे, वंशाचा नव्हे. मात्र कोणते घर कोणत्या दगडाला नैवेद्य दाखवते यावरून भाऊबंदकीचा विस्तार कळू शकतो.

लिंगायत समाजात मृताला बसलेल्या स्थितीत इष्टलिंगासह पुरतात. समाधीवर शिवलिंग किंवा नंदी बसवला जातो. अनेक समाध्या स्वतःच्या शेतात असल्यामुळे, जमीन विकली गेली असली तरी ती पूर्वी कोणत्या कुळाची होती हे त्यांवरून समजते. जैन परंपरेतील निशिधी शिळा ही व्रतस्थ मरण पत्करलेल्या व्यक्तीची स्मारके असून त्यांवरील कन्नड लेखांत नाव, गुरू व काल यांचा निर्देश आढळतो.

पहिल्या महायुद्धाची संगमरवरी फलके हा स्मारकांचा निराळा वर्ग आहे. गावातून किती जण युद्धावर गेले व त्यांपैकी किती कामी आले एवढाच मजकूर त्यांवर असतो, नावे नसतात. सातारा जिल्ह्यातील आपशिंगे (मिलिटरी) हे अशा स्मारकासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. तेथील ४६ जण त्या युद्धात मरण पावले. १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या होत्या. तेथे पडलेल्या सैनिकांची नावे, वडिलांचे नाव व गाव राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवहीत मिळण्याची शक्यता असते.

== संस्थानी व सरकारी कागदपत्रे ==

जत हे डफळे घराण्याचे संस्थान होते. मार्च १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ मध्ये निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात त्याचा समावेश झाला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली असे ठेवण्यात आले. त्यापूर्वी जत हे साताऱ्याच्या छत्रपतींच्या जहागिरींपैकी एक असून ब्रिटिश काळात ते दीर्घकाळ विजापूर एजन्सीखाली होते. डफळापूरची स्वतंत्र जहागीर १९१७ मध्ये जतमध्ये मिळाली. या फेरबदलांचा शोधावर थेट परिणाम होतो: एकाच गावाचा उल्लेख काळानुसार सातारा, विजापूर, दक्षिण सातारा आणि सांगली अशा चार ठिकाणांच्या कागदांत येऊ शकतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत विजापूर व बेळगाव जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेल्यामुळे अथणी किंवा इंडी तालुक्यातून आलेल्या कुटुंबाचे मूळ कागद आता दुसऱ्या राज्यात आणि कन्नडमध्ये असतात.

आडनाव हा या भागात कच्चा धागा आहे. स्वतः डफळे घराणे मूळचे चव्हाण. डफळापूरच्या पाटीलकीवरून त्यांना डफळे हे नाव पडले. पाटील, बिरादार, कुलकर्णी, देसाई ही हुद्द्यांची नावे असून एकाच गावात ती वेगवेगळ्या जातींत आढळतात. एखाद्या भावाने हुद्द्याचे, दुसऱ्याने गावाचे आणि तिसऱ्याने कुळाचे नाव लावल्याने सख्ख्या भावांचे वंशज कागदोपत्री परके दिसतात. म्हणून केवळ आडनावावरून घेतलेला शोध बहुधा फसतो.

गावपातळीवर पुढील कागद उपयोगी पडतात. गाव नमुना क्रमांक १४, म्हणजे कोतवाल बुक, यात जन्म व मृत्यूची नोंद असून बापाचे नाव व जातही लिहिलेली असे. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा केंद्रीय कायदा १९६९ चा आहे. त्यामागील काळासाठी कोतवाल बुकाला पर्याय नाही. शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत विद्यार्थ्याची जात व जन्मतारीख सापडते. हक्कनोंदणी व फेरफार (गाव नमुना ६) यांत खातेदार मयत झाल्यावर वारस लागल्याची नोंद होते आणि दोन पिढ्यांचे नाते एकाच ओळीत सिद्ध होते. वंशावळीच्या दृष्टीने वारसाचा फेरफार हा बहुधा सर्वांत बळकट कागद ठरतो, कारण त्यावर हरकत घेण्याची संधी भाऊबंदांना मिळालेली असते. इनामाच्या जमिनी असलेल्या घरांना जुन्या इनाम चौकशीच्या कागदांत तीन-चार पिढ्या एकत्र मिळतात. पेशवे दप्तर व सातारकर छत्रपतींचे कागद पुणे पुराभिलेखागारात आहेत.

=== लिपी व कालगणना ===

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे पुष्कळ कागद मोडीत आहेत. त्यांतील काल शालिवाहन शक, फसली किंवा सुहूर सनात दिलेला असतो. शकात ७८ (पौषाच्या सुमारास वर्ष बदलल्यावर ७९) मिळवल्यास इसवी सन मिळतो. दक्षिणेकडील फसली सनात ५९० मिळवतात. फसली १३०० म्हणजे १८९०-९१. सुहूर सनात ५९९ मिळवतात व तो अंकांत न लिहिता अरबी संख्याशब्दांत, एकक आधी या क्रमाने, लिहिलेला असतो. ‘तिसा सबैन मया व अलफ’ म्हणजे नऊ, सत्तर, शंभर व हजार, एकूण ११७९. त्याचा इसवी सन १७७८-७९ होतो. फसली व सुहूर ही दोन्ही वर्षे उन्हाळ्याच्या अखेरीस, मृगाच्या सुमारास बदलत असल्याने नुसत्या सनावरून एका वर्षाची चूक सहज होते.

== कायदेशीर महत्त्व ==

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ३२ मधील सहाव्या पोटकलमात, मृत व्यक्तींमधील नात्याविषयीचे कथन कुटुंबाच्या वंशावळीत, थडग्यावरील दगडावर किंवा कौटुंबिक चित्रावर केलेले असल्यास ते पुरावा म्हणून संबद्ध मानले होते. वाद उपस्थित होण्यापूर्वी ते कथन झालेले असावे, ही त्यातील मुख्य अट होय. वंशावळ आणि थडग्याचा दगड यांना कायद्याने एकाच ओळीत बसवले, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ मध्ये ही तरतूद कायम आहे. ‘वाद उपस्थित होण्यापूर्वी’ या अटीमुळे वहीतील मजकुराइतकेच तो केव्हा लिहिला गेला याला महत्त्व येते. एकाच पानावर निरनिराळ्या शाई व हस्ताक्षरांत वाढत गेलेली नोंद आणि एका बैठकीत उतरवलेली नवी प्रत यांचे पुराव्याचे वजन सारखे राहत नाही.

जातवैधतेसाठी अर्जदाराला शपथपत्रावर वंशावळ द्यावी लागते आणि तीतील पूर्वजाचा जातीचा उल्लेख असलेला जुना कागद जोडावा लागतो. महाराष्ट्रात वास्तव्य व जातीच्या पुराव्यासाठी अनुसूचित जातींकरिता १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींकरिता ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींकरिता २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गाकरिता १३ ऑक्टोबर १९६७ हे दिनांक मानले जातात. मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर तहसील कार्यालयांतील जुनी दप्तरे उघडली गेली, मोडी वाचकांना मागणी आली आणि दक्षिण महाराष्ट्रात हेळव्यांच्या वह्यांकडेही लोक वळले. सरकारी कागदात ‘कुणबी’ हा शब्द ज्या नावापुढे सापडतो त्या नावाशी आपले नाते दाखवणे ही अर्जदाराची खरी अडचण असते. वहीचा उपयोग तेथे होतो. जातीचा स्वतंत्र पुरावा म्हणून खासगी वहीला मर्यादा आहेत, दोन कागदांमधील दुवा म्हणून ती अधिक कामाची आहे.

हेळव्यांची स्वतःची स्थिती याच्या उलट आहे. इतरांच्या पिढ्या सांगणाऱ्या या समाजाला स्वतःच्या मुलांच्या प्रमाणपत्रासाठी १९६१ पूर्वीचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. फिरत्या कुटुंबाचे नाव कोणत्याही एका गावाच्या कोतवाल बुकात, सातबाऱ्यावर किंवा शाळेच्या वहीत असण्याचा संभव कमी असतो.

== मर्यादा ==

वंशावळीच्या वह्या पुरुषवंशाच्या आहेत. सुनांची नावे व त्यांचे माहेर काही नोंदींत येते. मुलींची नावे बहुधा गाळलेली असतात, त्यामुळे आईकडील वंश शोधण्यासाठी तिच्या माहेरच्या कुळाचा हेळवी गाठावा लागतो. जुन्या पिढ्यांना साल नसते. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या प्रथेमुळे तीच दोन-तीन नावे आलटून पालटून येतात आणि नक्कल करताना एखादी पिढी गळणे किंवा दुबार येणे संभवते. चौथ्या-पाचव्या पिढीपलीकडील क्रम दुसऱ्या साधनाशी ताडून पाहिल्याशिवाय अभ्यासक स्वीकारत नाहीत. मूळ पुरुषाला एखाद्या प्रसिद्ध राजवंशाशी जोडणारा आरंभीचा भाग स्तुतिपर असतो.

== सद्यस्थिती ==

गावे सोडून सांगली, पुणे, मुंबई येथे गेलेल्या कुटुंबांमुळे वाचनाला घरात माणसे सापडत नाहीत आणि हेळव्यांची नवी पिढी शिक्षण व इतर व्यवसायांकडे वळली आहे. जुन्या वह्यांचे कागद ठिसूळ झाले असून वापरता वापरता त्यांच्या कडा झिजतात. काही हेळव्यांनी नोंदी संगणकात उतरवण्यास सुरुवात केली आहे. शहरातील यजमानांकडे ते आता दूरध्वनी करून, सुटीचा दिवस ठरवून जातात. वही घराण्याच्या उपजीविकेचे साधन असल्याने ती कायमची देण्यास किंवा तिचे संपूर्ण छायाचित्रण करू देण्यास ते सहसा तयार नसतात. यजमानाला त्याच्या कुळापुरता उतारा मात्र मिळतो.